मागची दोन चाकं

१९ नोव्हेंबर

प्रिय कालिना,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून हे पत्र चुलीत टाकावंसं वाटलं असेल, तर त्यात तुझं काही चुकलं नाही. पण टाकू नकोस. पुरतं वाच.

इथे गेल्या आठवड्यात पहिला बर्फ पडला. खिंडीतून येणारी बस दोन दिवस आली नाही. यंदा बटाटे बारीक निघाले. माझ्या नातीसाठी, बिसेरासाठी लोकरीचे मोजे विणून ठेवलेत, पाठवावेत की नाही हे ठरत नाही. तिचा पाय आता केवढा झाला असेल तेही मला माहीत नाही. पुढे जे लिहिते आहे त्यातलं पुष्कळ तुला ठाऊकच आहे, माझ्यापेक्षा जास्तच. तरी ते पहिल्यापासून, माझ्या हाताने लिहिलेलं असायला हवं.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात तुम्ही तिघं, तू, माझा वेलीन आणि बिसेरा, रविवारी जेवायला वर आला होतात. घेवड्याचं सूप केलं होतं. तू म्हणालीस, गाडीला हिवाळी टायर घ्यायचेत, चारही सारखेच घेऊ. पुढची चाकं रस्ता धरतील आणि मागची गुळगुळीत असतील, तर उतारावर गाडीचं ढुंगण फिरतं, असं तू कुठेतरी नीट वाचून आली होतीस. मी हातातला पळा खाली ठेवला. "समुद्रकाठच्या पोरीने आता आम्हाला बर्फ शिकवायचा!" मी म्हणाले. "ओढणारी चाकं पुढची, तर नवे टायर पुढे. तुझे सासरे चाळीस वर्षं लाकडाचा ट्रक चालवत होते, बर्फातल्या साखळ्या ते ओढणाऱ्या चाकांनाच घालायचे. मीही त्यांची छोटी गाडी तशीच चालवते. अजून जिवंत आहे." वेलीन हसला. तू हसली नाहीस. हळूच म्हणालीस, "पण आई, उतारावर ओढायचं नसतं, थांबायचं असतं." मी पळा पुन्हा उचलला. आणि म्हणाले, "एवढी भीती वाटते तर बसने जात जा."

मला टायरांचं काय पडलं होतं, कालिना? तू आल्यापासून वेलीन दर गोष्टीत तुझं मत विचारायचा. भिंतीला रंग कोणता, पोरीला शाळा कोणती. डोंगर तरी माझा राहू दे, एवढंच मला हवं होतं. वेलीनने आधी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आई म्हणते ते बरोबर आहे, दोन पुरेत," म्हणाला. त्या दिवशी मी त्याला सूप दुसऱ्यांदा वाढलं.

सहा जानेवारीला सणाचं जेवण माझ्याकडेच होतं. वेलीनच्या पेल्यात राकियाची दारू मी ओतत होते. "बायको आहे ना गाडी चालवायला," म्हणत ओतत होते. बिसेराला खोकला होता म्हणून ती माझ्याकडे राहिली. त्याबद्दल देवाचे आभार मानावेत तर जीभ वळत नाही. तुम्ही दुपारी तीनला निघालात. लाकडाच्या वखारीवरच्या वळणावर तू जरासा ब्रेक दाबलास आणि मागची चाकं बाहेर फेकली गेली. गाडी आडवी घसरत रस्त्याकडेच्या बीच वृक्षावर आदळली, वेलीनच्या बाजूने. वखारीतली माणसं सांगतात, तुझा वेग चालत्या माणसाहून थोडाच जास्त होता. तुझा हात मोडला होता. त्याच हाताने तू त्याचं डोकं धरून बसली होतीस.

आणि मी काय केलं? दफनाच्या दिवशी चर्चच्या आवारात, सगळ्या गावासमोर तुझ्यावर ओरडले. "तू मारलंस माझ्या मुलाला!" रीतीप्रमाणे कबरीवर वाइन ओतायला तू पुढे झालीस, तर तुझ्या हातातली बाटली हिसकावून घेतली. तू एवढंच म्हणालीस, "हो आई, गाडी मीच चालवत होते." लोकांना वाटलं तू कबूल झालीस. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

मग तपास अधिकारी घरी आला. शांत माणूस होता, बूट दारात काढून आत आला. "मागचे टायर उन्हाळी होते आणि झिजलेले. ते तसेच ठेवायचं कोणी ठरवलं?" मी म्हणाले, "गाडीचं सगळं सूनच बघायची. म्हाताऱ्या बाईला त्यातलं काय कळतं?" त्याने ते लिहून घेतलं, मी खाली सही केली. वर तुला कडक शिक्षा व्हावी असा अर्जही दिला. सही करताना मला ऑक्टोबरचं जेवण आठवलं नव्हतं असं म्हणाले, तर तेही खोटंच होईल. आठवत होतं. सुपाचा वाससुद्धा आठवत होता.

परवा बर्फ थांबल्यावर खाली प्रोदानच्या टायरच्या दुकानात गेले. कबरस्तानाच्या चढावर माझी गाडी घसरायला लागली होती. प्रोदान हात पुसत बाहेर आला. गेल्या जानेवारीपासून तो माझ्याशी बोलत नाही हे मला माहीत होतं, का ते माहीत नव्हतं. म्हणाला, "किती घालू वहिनी? दोन की चार?" उत्तराची वाट न बघता तो मला आत घेऊन गेला. भिंतीला दोन नवे टायर टांगलेले होते, त्यावरची चिठ्ठीही निघाली नव्हती. "हे कोणाचे, माहीत आहे?" म्हणाला. "वेलीनने दोन बसवले त्याच दिवशी तुमची सून मागे राहिली. म्हणाली, प्रोदानकाका, अजून दोन मागवून ठेवा, मी एकटी येऊन बसवून घेईन, फक्त आईंना कळू देऊ नका, घरात उगाच वाद नको. चार जानेवारीला आले. मी फोन केला, तर म्हणाली सण झाला की आठ तारखेला येते."

मी तिथल्याच एका टायरवर बसले. त्याला विचारलं, "मग हे तू पोलिसांना का नाही सांगितलंस?" तो खेकसला, "सांगायलाच निघालो होतो! तिनेच पाय धरायचे बाकी ठेवले. म्हणाली, त्या बाईचा मुलगा गेला. तो आपल्याच शब्दामुळे गेला हे तिला कळलं, तर ती जगायची कशी?"

दहा महिने तू माझ्यासाठी गप्प बसलीस, आणि त्याच दहा महिन्यांत मी तुला तुरुंगात घालायला निघाले होते. घरी आल्यावर मी रडलेही नाही. भांडी घासली, आणि आज हे लिहायला बसले.

चार डिसेंबरला तुझ्या खटल्याची तारीख आहे. मी माझा अर्ज मागे घेतला आहे. प्रोदान आणि मी, दोघंही साक्ष देणार आहोत. पण माझ्या छातीचं दुखणं वाढलंय, चार तारखेचा भरवसा नाही, म्हणून हे सगळं लिहून ठेवलं. याचीच एक प्रत तुझ्या वकिलाला आणि एक सरकारी वकिलाला पाठवते आहे. दोन टायर पुरेत हे मी ठरवलं. झिजलेले मागे राहिले ते माझ्या शब्दाखातर. तपासात मी जाणूनबुजून खोटं बोलले. त्याची शिक्षा होईल तर होऊ दे. तू मात्र आता माझ्यासाठी गप्प बसू नकोस. कोर्टात विचारतील तेव्हा खरं ते सांग, मी समोर बसलेली असले तरी. तुझ्याकडे बघायचं मला धाडस होईलसं वाटत नाही. मी मान खाली घातलेली दिसली तर ती रागाने आहे असं समजू नकोस.

तुझीच,
स्ताना मिंचेवा काराजोवा
(सही माझी, शुद्धीवर असताना केलेली)