पाकिटावरचं नाव

कोरेगाव, आषाढ १९४६

आवं, ऐकताय न्हवं?

तुमचं पत्र मिळालं. पुण्याच्या असेंब्लीत तुमी आदी पाटाचं पाणी मागणार, मग शाळा, मग घाटाचा रस्ता. तितं उभं राहून बोलायचं का बसून? मधीच कुणी बोललं तर चालतं व्हय तुमाला? घरात तर चालत न्हाई.

आन् एक. मी तुमाला मत दिलं न्हाई, ठावं हाय का?

मतदारांची यादी करणारा कारकून दारात आला, तवा तुमी तुरुंगात आन् बाकीचे गडी बाजाराला. "नवऱ्याचं नाव सांगा," म्हणला. मी कसं घेणार? शेजारच्या धोंडुबाईला म्हणलं, तू सांग. तर तिच्या मालकाचंबी नाव तेच! दोघी पदर तोंडाला लावून हसत बसलो, आन् तो पुढच्या दारात गेला. दोघी यादीत न्हाई. धोंडुबाई अजून हसती. मला न्हाई येत आता हसू.

तर आदी येवढं मागा, बाईला तिचंच नाव इचारा म्हणावं. माझं मी खणखणीत सांगितलं असतं. पाणी त्याच्या मागनं मागा. वाहते मीच, म्हणून सांगते, तेवढं थांबंल.

पाकिटावर आमदार लिवलं, पुणं लिवलं. मधी तुमचं नाव पायजे. लिवणं म्हंजे घेणंच का वो? भाऊजींना लिवाय सांगावं, तर आत काय हाय इचारतील. ऱ्हायली धोंडुबाई.

तवर पत्र उतरंडीत ठेवते.

सगुणा