तुझ्या सायकलचा सातवा गिअर

मुहर्रक, शनिवार

ती. एस्थरताई,

‘साष्टांग नमस्कार लिहू नकोस, गुडघे माझे दुखतात आणि वाकतेस तू,’ असं गेल्या खेपेला बजावलं होतंस, म्हणून या वेळी उभ्यानेच नमस्कार. आहेत कसे गुडघे? अँथनीभाऊंच्या केळींनी घड धरले का? वसईला गेल्यापासून तू रोज दुपारी झोपतेस असं कळलं. (बत्तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलच्या शिफ्ट केल्यावर झोप खुशाल. पण फोनच्या वेळी जागी राहा.)

तुझा निरोप पोचला. ‘सायकल विकून टाक, आता माझं काही तिकडे येणं होत नाही.’ त्यातला पहिला अर्धा मी पाळायला घेतला. दुसरा मला अजून नीट वाचता येत नाही.

गिऱ्हाईकही मिळालं. सलमाबादच्या गोदामात काम करणारा ताहिर, भला माणूस. गेल्या शुक्रवारी सकाळी येणार होता. आदल्या दिवशी धुवायला म्हणून सायकल जिन्यातून उतरवताना ती हातून सुटली आणि उजव्या कुशीवर पडली. साखळीला मागच्या एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा तो लोंबता हात (दुरुस्तीवाला हुसेन त्याला डिरेलर म्हणतो) वाकला. आता इथली, आखातातली रीत तुला माहीत आहे. कुणी कायमचं गावी गेलं की त्याचं घर थोडं थोडं आपल्या घरात येतं. माझ्या मिक्सरचं भांडं अल्फियाचं, झाकण शर्लीचं, मोटर कुणाची ते आठवतही नाही, तरी चटणी होते. साद गावी परतला तेव्हा त्याची मोडकी सायकल जिन्याखाली राहिली होती. तीही नऊ गिअरची. तिचा डिरेलर तुझ्या सायकलला बसव, असं मी हुसेनला सांगितलं. कंपनी वेगळी आहे, ‘मफी फायदा’, काही उपयोग नाही, असं तो दोनदा म्हणाला. चंद्रशेखर (नवरा, त्यात इंजिनिअर, म्हणजे बोलणारच) म्हणाला की सायकल म्हणजे मिक्सर नव्हे. मी दोघांचंही ऐकलं नाही.

ताहिरने फेरी मारली. चौथ्या गिअरपर्यंत सगळं गोड. पाचव्याला कुरकुर. सातव्याला साखळी दोन चकत्यांच्या मध्येच थबकली, धड इकडे नाही, धड तिकडे नाही. तो उतरला आणि फार अदबीने म्हणाला, “बाजी, ये तो अपनी मर्जी से चलती है. ठीक हो जाए तो फोन कीजिए.” तो गेल्यावर मला इतकं हलकं वाटलं की माझी मलाच लाज वाटली.

पण मग एक प्रश्न डोक्यात शिरला, तो जाईना. जुळतच नसेल तर पहिल्यापासूनच का नाही बिघडत? पहिले चार गिअर कसे खपून जातात? संध्याकाळी डिरेलरला ओढणारी तार सोडवून तिच्याशेजारी कागदाची पट्टी धरली, हँडलवरचा गिअरचा खटका दाबला, खूण केली, पुन्हा दाबला, पुन्हा खूण. मग कळलं. तुझा खटका दर वेळी तार जेवढी ओढतो, त्याहून जराशी जास्त सादच्या डिरेलरला हवी असते. कमी पडतं ते केसभर, पण प्रत्येक खटक्याला. सुरुवातीला ते कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि सातव्यापर्यंत सगळं साठून अंतर पडतं. (हे लिहिताना मला आपल्या फोनांची आठवण झाली. आधी रोज, मग आठवड्याने. असो.)

गंमत पुढेच आहे. तार परत आवळताना मी ती स्क्रूच्या चुकीच्या बाजूने घातली, आणि नऊच्या नऊ गिअर लागले. त्या बाजूने तार डिरेलरच्या सांध्याजवळ येते, म्हणून तेवढ्याच ओढीत तो लोंबता हात जास्त सरकतो. हुसेनने स्वतः फेरी मारली, उतरला, आणि ‘इंशाल्ला’ एवढंच म्हणाला. ही शाबासकी की इशारा, ते तूच सांग.

तुझी,
कस्तुरी

ता. क. ताहिरला मी फोन केलेला नाही.

ता. क. २. चंद्रशेखरने तुझ्या व्हिजिट व्हिसाचा फॉर्म भरून ठेवला आहे. पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठव. डिसेंबरात सायकलवरून सखीरच्या वाळवंटात एक फेरी मार, मग तुझ्या हाताने ती वीक.

ता. क. ३. महिनाअखेर फोटो आला नाही, तर मात्र ताहिरला खरंच फोन करीन. (नाही करणार. त्याने कालच दुसरी सायकल घेतली. मीच शोधून दिली.)