घरी ठेवलेली काठी

प्रिय ताई,

प्रभूच्या दयेने मी बरी आहे, तूही असशील.

माझ्या पायाची काळजी सोड. तो केव्हाच बरा झाला होता, काठी मात्र मी सोडली नव्हती. दर रविवारी फादर आजाऱ्यांच्या प्रार्थनेत माझं नाव घेत आणि गुरुवारी चर्चमधल्या बायका डबा आणून गप्पा मारत बसत. मला डबा नको होता गं, त्या हव्या होत्या.

परवा मी स्टुलावर चढून पडदे लावत होते, तेवढ्यात त्या बायकांमधली, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई लोटलेल्या दारातून आत आली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उतरा आता, नाहीतर खरंच पडाल," ती म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच. काठी कधी या हातात, कधी त्या हातात!"

"मग येत का होतात?"

"आमच्या तरी घरी गुरुवारी कोण असतं?"

रविवारी काठी घरी ठेवून चर्चमध्ये मिस्साला गेले. फादरांनी माझ्या बरं होण्याबद्दल देवाचे आभार मानले. सगळे "आमेन" म्हणाले, मला मान वर करवेना. या गुरुवारी स्वयंपाक मी करणार आहे.

तुझे गुडघे कसे आहेत? संध्याकाळी तुझ्याकडे कोणी येतं का? खरं सांग.

तुझी लबाड धाकटी