शार्डोने आणि माझं नाक

४ फेब्रुवारी, मंगळवार
वालावलला खाडीकाठच्या नव्या रिसॉर्टला 'वाइन होस्ट' हवा आहे. स्थानिक असल्यास उत्तम. मी स्थानिक आहे. इंटरव्ह्यू १५ तारखेला, मॅनेजर संचिता मॅडम घेणार. विषय एकच: शार्डोने, म्हणजे पांढरी वाइन. अकरा दिवस भरपूर झाले.
अडचण किरकोळ. कोविडपासून मला वास येत नाही. चार वर्षं झाली, पण तात्पुरतं आहे. म्हणून घरी बोललेलो नाही.

५ फेब्रुवारी
कुडाळहून दोन बाटल्या आणल्या. वर्षालीला सांगितलं, अभ्यासाचं साहित्य आहे. बायको असून तिला माझ्या करिअरची कदर नाही. म्हणाली, "तां ऱ्हवांदे, भात करपता काय बघा." मी जागेवरूनच 'नाही' म्हटलं. करपत होता. आमच्याच खानावळीच्या स्वयंपाकघरात मला आता बंदी. पूर्वी मी दारातून सांगायचो, बांगडा आजचा की कालचा. ही नोकरी मिळाली की तो मान परत मिळेल. मिळायलाच हवा.

७ फेब्रुवारी, सकाळी ७
व्हिडिओ पाहिले. शार्डोनेचा स्वभाव कळला. द्राक्ष मुळात अबोल. थंड मुलखातलं असेल तर लिंबू, हिरवं सफरचंद. उन्हातलं असेल तर अननस, पिकला आंबा. ओकच्या लाकडी पिंपात ठेवलं तर लोणी, व्हॅनिला. थोडक्यात, ठेवाल तसं राहतं. आमचं जमणार.
ग्लासात नाक घातलं. काही नाही. तासाभराने पुन्हा. काही नाही. पुढच्या आठवड्यात येईल. तोवर वर्णन पाठ.

१० फेब्रुवारी
पहिली बाटली संपली. निष्कर्ष: रंग गडद आणि जिभेवर जाड लागली की ओक. नाकाचं महत्त्व लोक उगाच वाढवून सांगतात.
तरी संकल्प: रोज दोनदा कॉफी आणि लवंग हुंगणे. लवंग नाकात गेली. कॉफी उद्या.

१३ फेब्रुवारी
दुसरी बाटली गायब! वर्षालीने राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला दिली. वेशीवरच्या दगडापाशी, विडीसकट. तिथे गावठी दारू चालते. पण हिचं म्हणणं, "म्हागातली दिल्यार बेगीन ऐकतलो."
तणतणत गेलो. महादू गावकर देवाला गाऱ्हाणं घालत होता. "बा म्हाराजा, ह्या गुरुप्रसादाक चार वर्षां वास येना नाय, तेचा नाक उघड रे म्हाराजा!" मागून अर्धी वाडी "व्हय म्हाराजा!"
म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षालीचा आवाज सगळ्यात मोठा होता. घरी येऊन थोडा रडलो. बाटलीसाठी नाही.

१५ फेब्रुवारी, दुपारी
इंटरव्ह्यू झाला. तीन ग्लास. शार्डोने ओळखा आणि वर्णन करा. सगळ्यात सोनेरी तो उचलला. लोणी, व्हॅनिला, शेवटी पिकल्या आंब्याची आठवण. सहा मिनिटं बोललो, एकदाही अडखळलो नाही. संचिता मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.
मग हळू आवाजात म्हणाल्या, शार्डोनेच आहे, पण बुचामुळे खराब झालेली. मुद्दाम ठेवली होती. भिजलेल्या गोणपाटाचा वास पार दारापर्यंत येतोय.
मला चहा दिला. चहा गरम होता.

त्याच दिवशी, संध्याकाळी
वर्षाली दारातच उभी होती. नोकरीचं विचारलंच नाही. "वास इलो?" एवढंच.
एका दिवसात दोनदा नापास व्हायची ताकद नव्हती. म्हटलं, "इलो."
ती पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. हे प्लॅनमध्ये नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार
नवस होता. वास आला तर कोंबडा आणि वाडीला जेवण. मला कोणी सांगितलंच नव्हतं. महादूला निरोप गेला, बुधवार ठरला. आज चार जण हात मिळवून अभिनंदन करून गेले. वर्षाली सकाळपासून गुणगुणतेय. लग्नानंतर इतकी खूश बघितली नव्हती.
बुधवारी दगडासमोर हात जोडून आभार मानायचे आहेत. काय बोलायचं ते पाठ करतोय. खरं काय ते वाडीत फक्त दोघांना ठाऊक आहे, मला आणि राखणदाराला.