यादीत न घातलेला झरा

ड्रमकील, लाइट्रिम परगणा
१६ जून २०१९, रविवार

प्रिय डिम्पनाताई,

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. गुडघे कुरकुरतात आणि तू त्यांचं ऐकत नाहीस, हे वाचून हसू आलं. मी ठीक आहे. दोन्ही गाई नीट व्याल्या, बटाट्याला फूल आलंय, आणि पाऊस तुझ्या वेळी होता तसाच आहे.

तुझी नात टेस ऑगस्टमध्ये आठ दिवस येणार, तर इकडे बघण्यासारखं काय आहे ते कळव म्हणालीस. बाहत्तर वर्षं इथे काढली, पण या प्रश्नाचा विचार करायची वेळ कधी आली नव्हती. मग गाडी काढली आणि चार दिवस पाहुण्यासारखा हिंडलो.

पहिला मान किल्ल्याचा. किल्ला म्हणजे तुला आठवते तीच एक भिंत, पण आता तिला पाटी आहे आणि गाड्या लावायला जागा आहे. जागा किल्ल्याहून मोठी आहे. एका जर्मन जोडप्याने मला विचारलं, बाकीचा किल्ला कुठे? मी म्हटलं, आसपासच्या गोठ्यांच्या भिंतींत. थोडा आमच्याही गोठ्यात आहे. ते खरंच घरी आले, गोठ्याचे फोटो काढले आणि चहा पिऊन गेले. भली माणसं.

तळ्यावर कॉलमनची होडी आहे. बेटावरच्या संताची गोष्ट तो प्रत्येक फेरीला वेगळी सांगतो, म्हणून टेसने दोनदा जावं. दलदलीत, जळणाची माती वाहून न्यायची ती छोटी आगगाडी आता माणसं नेते. शेवटी हातात फावडं देऊन मातीची एक वीट कापायला लावतात. ज्या कामाने आपल्या दोघांच्या कमरा गेल्या, त्याला लोक आता तिकीट काढतात. मीही काढलं. चांगली कापली, असं तिथली मुलगी म्हणाली.

जुन्या स्टेशनात फिलोमिनाने चहाची खोली काढलीय. तीच ती, पोस्टातल्या मॅग्वायरची धाकटी. तिचा सफरचंदाचा केक टेसने चुकवू नये. परवा यादी पुरी झाली म्हणून तिला वाचून दाखवली. चष्मा कपाळावर चढवून तिने सगळी ऐकली.

"मलाकी, परगण्यातली एक भिंत सोडली नाहीस," ती म्हणाली. "घरामागचा झरा कुठाय?"

मी म्हटलं, वाट चिखलाची आहे.

"झाडावरच्या नवसाच्या चिंध्या कोणी कापल्या ते सगळ्या गावाला माहीत आहे. फक्त तुझ्या बहिणीला नाही." एवढं बोलून तिने मला आणखी केक वाढला.

ताई, कार्डाच्या शेवटी तू विचारलंस, झऱ्यावरचं काटेरी झाड आहे का अजून. इतकं लिहूनही मी त्याचं उत्तर दिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

१९८८च्या मे महिन्यात तुझ्या नवऱ्याच्या, रेच्या छातीचं दुखणं जावं म्हणून तू त्याच्या सदऱ्याची निळी पट्टी त्या झाडाला बांधलीस, झऱ्याला तीन फेऱ्या घातल्यास आणि कॉव्हेंट्रीला तुमच्या घरी परत गेलीस. जुलैत स्वच्छ गाव स्पर्धेचे परीक्षक यायचे होते. झाड धोब्याच्या दोरीसारखं दिसतं, असं समितीचं म्हणणं पडलं. कात्री माझ्याकडे होती. संध्याकाळपर्यंत झाड साफ झालं. गावाला तिसरं बक्षीस मिळालं, बाकडं. ते झऱ्यापाशी आहे. मी त्यावर कधी बसलो नाही.

ऑगस्टात तू पोस्टात फोन करून मला बोलावून घेतलंस आणि विचारलंस, चिंधी आहे ना? मी आहे म्हटलं. नाताळाआधी रे गेला. त्याला पोचवून आल्यावर माझा हात धरून तू म्हणालीस, "चिंधी होती तरी नेलं, म्हणजे देवाचीच इच्छा." माझ्या हातात सँडविच होतं. मी ते खाल्लं.

त्यानंतर दर उन्हाळ्यात तू यायचं सुचवायचीस आणि मी कळवायचो की खोलीला ओल आलीय, गाय आजारी आहे, रस्ता खणलाय. भावाला आपण नकोशा झालो, असंच तुला वाटलं असेल. तसं नव्हतं गं. तुला झऱ्यावर न्यावं लागलं असतं.

आईचा नियम तुलाही पाठ आहे: चिंधी झाडावरच कुजायची, तसं दुखणं सरायचं, आणि मध्येच जो सोडवील त्याला ते लागायचं. दर हिवाळ्यात मला खोकला येतो. डॉक्टर म्हणतात, चुलीच्या धुराने. मी मान डोलावतो.

बाकीच्या चिंध्या त्या दिवशी जाळल्या. रेची पट्टी जाळवली नाही. चहाच्या जुन्या डब्यात आहे, तुझ्या गाठीसकट. रंग अजून निळा आहे.

तर झाड आहे. पुन्हा चिंध्यांनी भरलंय, मेमध्ये तर पांढरं फूल आणि रंगीत चिंध्या वेगळ्या ओळखू येत नव्हत्या. टेसच्या यादीत ते सगळ्यात वर लिही.

पट्टी या पाकिटात घालत नाही. ती तुझ्या हातात द्यायची आहे. मग झाडाला बांध, नाहीतर जवळ ठेव. स्वयंपाकघरालगतची खोली मी उघडून ठेवलीय. तिला कधीच ओल आली नव्हती.

टेसबरोबर तूही ये, ताई. रागावून आलीस तरी ये. बाकड्यावर दोघांना पुरेल एवढी जागा आहे.

एकतीस वर्षांनी तुला "ये" म्हणणारा,
तुझा धाकटा भाऊ
मलाकी