आदर्शनं लग्नात काय घालायचं?

३ फेब्रुवारी, सोमवार

शेरवानी! नऊ वर्षांच्या पोराला शेरवानी! दुकानातला पोरगा म्हणाला, "साहेब, आता हेच चालतंय, नवरदेवाला म्याचिंग." घेतली. माझी आहे तसलीच, मोतिया रंगाची, वर मरून शेला. घरी घेऊन आलो आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही. बसेल का अंगात? आवडेल का? आदर्शला मी दोनदाच भेटलोय. दोन्ही वेळा तो आईच्या मागं उभा राहून माझ्या चपलांकडं बघत होता.

अडतिसाव्या वर्षी लग्न ठरलंय माझं. जळालेल्या मोटरींचं वायंडिंग भरता भरता टक्कल पडलं, पोरगी काय मिळत नव्हती. आता आदर्शची आई, संयोगिता, हो म्हणाली. चार वर्षं झाली तिचा नवरा जाऊन. तिचे सासरे केरबाअण्णा स्वतः गारगोटीहून माझ्या दुकानात आले. म्हणाले, "कृष्णात, सून न्हाय, लेक देतोय तुला." एवढं मोठं बोलले अण्णा, आणि मी अडकलोय कपड्यात! पण अडकलोय खरा. हॉलमधल्या झाडून सगळ्यांना कळलं पाहिजे, हे पोरगं आता माझं आहे.

५ फेब्रुवारी

आत्तीनं शेरवानी बघितली. आई-बापामागं हिनंच मला वाढवलं, त्यामुळं हिच्यापुढं माझं काही चालत नाही. म्हणाली, "त्येला कशाला आणतोस? आईचं लगीन लेकरानं बघू न्हाई. आक्षता पडूस्तवर बाहीर बसीव कुठंतरी."

"आणणार म्हंजे आणणार!"

"लोकं हसतील."

"हसूद्यात की!" — ओरडलोच मी.

मग ती जेवली नाही. मग मी पण नाही. आमटी तशीच पडून आहे.

६ फेब्रुवारी

एका गिऱ्हाईकाच्या मोटरचं कनेक्शन उलटं जोडलं. मोटर उलटी फिरायला लागली. डोकं ठिकाणावर नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आत्ती वळली! आपणहून म्हणाली, "आणायचाच हाय तर रीतीनं आण. मोकळ्या हातानं कापडं देत न्हाईत." तिनंच ताट लावलं — शेरवानी, शेला, नारळ, हळदकुंकू, वर केळ्याची फणी. छान दिसतंय. उद्या गारगोटी. पोरगं खूश होणार!

९ फेब्रुवारी, रविवार

काय बिनसलं कळत नाही.

अण्णांनी आदर्शला पाटावर बसवलं. मी टिळा लावला, हातात नारळ दिला, ताट पुढं केलं. सगळं आत्तीनं सांगितलं तसं. पोरानं शेरवानीला बोट पण लावलं नाही. संयोगिता म्हणाली, "घालून दाखीव की रं." तो उठला, आत गेला आणि दार लावून घेतलं.

अण्णा म्हणाले, "लाजतंय." लाजत कुठलं! मी तोंड बघितलं होतं त्याचं.

येताना गाडीवर एकटाच बडबडत आलो. रंग आवडला नाही? जीन्स पाहिजे होती? का मीच नको?

१० फेब्रुवारी

सकाळी जीन्स आणि जाकीट घेतलं. दुपारी परत दिलं. दुकानदार माझ्याकडं संशयानं बघायला लागलाय.

११ फेब्रुवारी

संयोगिताचा फोन. आदर्श शेवटी तिच्याजवळ बोलला. "मला आहेर केला त्येनी. आहेर पाव्हण्यास्नी करत्यात. पाव्हणं जेवून आपल्या घरला जात्यात. मग मी आज्जाकडंच ऱ्हाणार की."

अरे देवा! बरोबरच आहे की त्याचं! टिळा, नारळ, ताट — घरातल्या पोराला कोण असलं करतं? दिवाळीला कपडे आणले की पिशवी अंगावर फेकायची, "घाल रं" म्हणायचं, संपला विषय. मी त्याला रीतसर पाटावर बसवून परका केला!

आणि ती पुढं काय म्हणाली? "अण्णा पण एकटं पडत्यात. त्यो म्हणत असला तर हितंच ठिवूया का त्येला? तुमचं काय म्हणणं हाय?"

"त्यो म्हणंल तसं," म्हणालो. साफ खोटं! मला तो इथं पाहिजे. आतल्या खोलीत त्याच्यासाठी कॉट टाकलीय, गादीचं प्लास्टिक पण अजून काढलेलं नाही. हे का नाही बोललो फोनवर? तोंड शिवलं होतं काय माझं?

१३ फेब्रुवारी

दुकान बंद ठेवून गारगोटीला गेलतो. आदर्श गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होता. सगळं पाठ करून गेलतो, आणि तोंडातून काय निघालं? "ते ताट आमच्या आत्तीनं केलतं." म्हातारीवर ढकललं! माझी मलाच लाज वाटली.

मग म्हणालो, "तुला पाहिजे ते घाल लग्नात. न्हायतर उघडा ये. पण मागनं आमच्यासंगं घरला चल. मला तू पाहिजेस तिथं."

हसला नाही. पण पहिल्यांदा चपला सोडून माझ्या तोंडाकडं बघितलं.

"तुमच्यात म्हस हाय?"

"न्हाय. मोटरी हायत."

"मग तिथं करायचं काय?"

 तो परत वैरण टाकायला लागला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

हळद लागली. वहीच्या पानावर पिवळे डाग पडतायत. संयोगिताला विचारलं, आदर्शची बॅग भरली का? म्हणाली, "काय बोलंना झालाय." उद्या येतो की नाही, आला तर राहतो की नाही — काही कळायला मार्ग नाही. 

१६ फेब्रुवारी, रविवार

लग्न लागलं. अक्षता पडल्या तेव्हा आदर्श अण्णांच्या शेजारी होता, शेरवानी घालून! नंतर बघतो तर गायब. फोटोवाला हसा म्हणतोय, मी सगळा हॉल शोधतोय. आणि पंगतीत दिसला. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, मोतिया रंगावर आमटीचा ओघळ, हातात जिलेबीचं ताट. तिथनंच माझ्यावर खेकसला, "फोटू बास करा आता! पाव्हणं जेवायचं ऱ्हायल्यात. त्येंचं होऊद्या, आपण घरातली मागनं बसूया!"