शुक्रवारची वजनाची तिकिटं

आई,

डॉक्टरांनी मला पंधरा दिवस नुसत्या पातळ पदार्थांवर ठेवलं आहे आणि उद्या सकाळी वजन करायचं आहे. ऑपरेशन वजन उतरवण्याचंच आहे, जठराचा मोठा भाग कापून काढणार, पण त्याआधी चार किलो माझे मी कमी करून दाखवायचे. नाहीतर तारीख रद्द. गुडघे गेले, साखर वाढली, झोपेत श्वास अडकतो, त्यामुळे तारीख गेलेली मला चालणार नाही. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. खाऊ नये म्हणून पोट कापायचं, आणि पोट कापता यावं म्हणून खायचं नाही.

माझी सून पुण्याची. माझ्या तंजावरी मराठीला हसते, पण मनानं चांगली आहे. तिनं मला एक वही करून दिली आहे, तोंडात जाईल ते त्यात लिहायचं. सकाळी माझं सूप आणि ताक मोजून ठेवते आणि आठला ऑफिसला जाते. मग नातीला भरवून शाळेच्या गाडीत बसवायचं काम माझं. तेरा दिवस झाले आणि जेमतेम एक किलो उतरला. काल तिनं बिस्किटांचा डबा कानाशी धरून हलवून पाहिला. मग जवळ बसून म्हणाली, "आई, खरं सांगा हं, मी रागावणार नाही." मी म्हटलं, "तू ठेवतेस तेवढंच घेते ग." तिचा विश्वास बसला नाही. मला राग आला, आणि लगेच तू आठवलीस, म्हणून हे लिहायला बसले.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. मुलींच्या शाळेत शिकवत होते, आणि परीक्षेला पहाऱ्यावर मी असले की पोरी शेजारच्या बाकाकडे बघायला धजत नसत. मद्रासला तिरुवल्लिकेणीतल्या दोन खोल्यांत आपण तिघं, तू, अप्पा आणि मी. तुझ्या बेंबीशी हर्नियाची गाठ आली होती. सर्जननं ती दाबून पाहिली आणि म्हणाला, आधी वीस पौंड उतरवा, एवढ्या चरबीत टाका धरत नाही. पण फार उशीरही करू नका, आतडं त्यात अडकलं तर जिवावर बेतेल. "काय म्हणतो ग?" तू विचारलंस. "तोंड बंद ठेव म्हणतो," मी सांगितलं. त्या दिवसापासून तुझं जेवण मी माझ्या ताब्यात घेतलं.

सकाळी शाळेला निघण्याआधी मी तुझी नाचणीची कांजी पेल्यात मोजून झाकून ठेवायची. रात्री एक चपाती आणि नारळ न घातलेली भाजी, तीही मीच वाढायची. दर शुक्रवारी संध्याकाळी आपण बसनं एग्मोर स्टेशनवर जायचो. तिथल्या वजनाच्या यंत्रावर तू चप्पल काढून उभी राहायचीस, देवळात शिरल्यासारखी. तिकीट पडलं की म्हणायचीस, "वजन राहू दे ग, मागं भविष्य काय लिव्हलंय तें वाच." भविष्यात बहुतेक प्रवासाचा योग असायचा. पहिल्या शुक्रवारी एकशे एक्क्याऐंशी पौंड, दुसऱ्या शुक्रवारी तेवढेच, तिसऱ्याला एकशे ब्याऐंशी.

माझं डोकंच फिरलं. मी मुरुक्कूच्या, म्हणजे चकल्यांच्या, डब्याच्या झाकणाला दोरा बांधला. गुळाच्या बरणीवर पेन्सिलीनं रेघ मारली. तू देवळातून आलीस की पदराला पुळियोदरैचा, प्रसादाच्या चिंचभाताचा, वास येतो का, ते जाता-येता हुंगत होते, सांगायला लाज वाटते. सोवळ्यात तुझा स्वयंपाक चालला असताना मला आत यायची मुभा नव्हती, तर मी दाराबाहेर उभी राहून तुझे जबडे हलतात का ते बघत होते. दोरा तसाच, रेघ तशीच, आणि तुझं वजन वाढतंय. चोर सापडेना, म्हणून चोर हुशार आहे असं मी ठरवलं. तू आपली एकच सांगत होतीस, "मी खोटं कशाला सांगू? तू दिलंस तितकंच खाल्लें मी."

मग इस्पितळात, तुझ्यासमोर, मी सर्जनला इंग्रजीत सांगितलं की ही चोरून खाते. त्यानं तुझ्याकडे बघून मान हलवली. तेवढं कळायला इंग्रजी लागत नाही. पुढच्या महिन्यात बघू म्हणाला आणि दुसऱ्या पेशंटला बोलावलं. बसमध्ये तू विचारलंस, "काय सांगितलीस त्याला?" मी म्हटलं, "काही नाही, तुझं वय विचारत होता." त्या रात्री गाठ दुखायला लागली, तर तू मला उठवलंसुद्धा नाहीस. सकाळी अप्पांनी सांगितलं.

आणि मग मला ताप आला. आठवड्याच्या मधल्या दिवशी मी प्रथमच सकाळी घरी होते, पुढच्या खोलीत चटईवर पडलेली. नऊ वाजता अप्पा ऑफिसला जाण्याआधी जेवायला बसले. केळीचं पान, भात, वरून तूप, सांबार, वांग्याची भाजी, दोन अप्पळम, तळलेले पापड. अप्पा म्हणजे पान चाटूनपुसून उठणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी अर्धा भात खाल्ला, अर्धा तुपासकट बाजूला सारला, भाजीला हात लावला नाही, "पोदुम", पुरे, म्हणून उठले आणि हात धुवायला मागं गेले. तू आधी माझी मोजलेली कांजी प्यालीस. मग त्यांच्या पानावर बसलीस, जशी लग्न झाल्यापासून रोज बसत होतीस, आणि ते पान स्वच्छ केलंस. दार उघडं होतं. तू काही लपवत नव्हतीस.

मी उठून दारात आले. तू वर बघितलंस. "पानावरचं काय टाकायचं?" म्हणालीस, अगदी साधेपणानं. तुझ्या लेखी ते जेवण नव्हतंच, ते पान उचलणं होतं. आणि खरं सांगू का, माझ्याही लेखी नव्हतं. लहानपणापासून डोळ्यांसमोर चाललेली गोष्ट, आणि मी गुळावर रेघा मारत बसले होते. अप्पांच्या सदऱ्याची कॉलर ढिली झाली होती तेही मला दिसलं होतं, मी म्हटलं काळजीनं वाळलेत.

अप्पांशी मी भांडले. ते म्हणाले, "ती कांजी पिते नि मला तूपभात वाढते. माझ्यानं गिळवत नाही. तू तिचं पान बघ, माझ्या पानाचं मी बघतों." म्हणजे पानावरचं उरलेलं तुझ्या पोटात जातं हे त्यांना ठाऊक होतं. पण मी हटले नाही. तुझ्यासाठी वेगळं ताट घेतलं, अप्पांना पान संपवायला लावलं, शाळेत उशिरा जायची परवानगी काढून पंधरा दिवस समोर उभी राहिले. तीन महिन्यांत वीस पौंड उतरले, ऑपरेशन झालं, टाका धरला, त्यानंतर तू अकरा वर्षं जगलीस.

पण अप्पांच्या पानावर तू पुन्हा कधी बसली नाहीस. आणि रात्री माझ्याजवळ येऊन, मी न विचारता, दिवसभरात काय खाल्लंस ते सांगायला लागलीस. "आज दोन घास जास्ती झाले ग," असं, खाली बघून. अकरा वर्षं. मी एकदाही म्हटलं नाही की आई, पुरे कर, तू खोटं बोलत नव्हतीस, मीच चुकले. सर्जनलाही जाऊन सांगितलं नाही. सगळं ठीक झालं होतं ना, मग कशाला, असं म्हणून टाळलं. आता म्हणते. तू चोर नव्हतीस. मला फार वाईट वाटतं.

हे लिहिता लिहिता मघाशी हात थांबला. आज सकाळी नातीनं दीड इडली ठेवली, चटणीसकट. काल उपम्यातला अर्धा. परवा दोशाच्या कडा आणि दुधाचा तळ. ती गाडीत बसली की मी तिची ताटली उचलते आणि उभ्याउभ्या संपवते, मग धुवायला टाकते. तेरा दिवस. सुनेला मी खरंच सांगत होते, आई, मला वाटत होतं की मी खरंच सांगते आहे.

वही समोर उघडी आहे. पेनही हातात आहे. अजून लिहिलेलं नाही.